गोव्याचा किनारा राखणाऱ्या मंडळांची रजिस्टरं, फोटो, चित्रं पणजीला पुराभिलेखात (जुने कागद जपणाऱ्या सरकारी खात्यात) द्यावीत की गावातच ठेवावीत?

मोरजीचा वारा
परवा आमच्या मंडळाची ट्रंक उघडली. कासवांच्या घरट्यांची रजिस्टरं, वाळूच्या टेकड्यांचे जुने फोटो, पंचायतीला दिलेल्या अर्जांच्या कार्बन कॉप्या, शाळेच्या पोरांनी कापडावर रंगवलेले बॅनर. अर्ध्याला वाळवी लागलेली, फोटो एकमेकांना चिकटलेले, टाचण्या गंजून कागद तुटलेला. रडूच आलं मला. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग, जिथं जिथं माणसं रात्री जागून अंडी राखत बसली तिथले सगळे कागद आता पणजीच्या पुराभिलेख खात्यात जायला हवेत, ते खातं १५९५ पासूनचं आहे, पोर्तुगिजांचे कागद तिथं टिकले मग आमचे का नाही टिकणार?
आणि ही नुसती आठवणींची गोष्ट नाही हो. सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यावर काय बांधता येईल ते ठरवणाऱ्या नियमांची, अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, आणि किनाऱ्यावरच्या बांधकामाचा वाद शेवटी तिथंच येऊन थांबतो, त्या तारखेच्या आधीचं की नंतरचं. त्या काळचा मोकळ्या टेकडीचा एक फोटो, मागे तारीख लिहिलेला, किती कामाचा आहे बघा.

काणकोणकार
माझा साफ विरोध. आमच्याकडून एकजण अभ्यासाला म्हणून दोन वह्या घेऊन गेला, आज बारा वर्षं झाली, वह्या नाहीत आणि फोनही उचलत नाही. दुसरं, त्या रजिस्टरात घरट्याची जागा अमक्या माडापासून इतकी पावलं अशी लिहिलीय. अंडी कोण उकरत होता आणि त्याची खबर कोणी दिली तेही लिहिलंय, आणि दोघंही आज एकाच वाड्यावर राहतात! हे कागद उद्या कोणीही मागून वाचायचे का? तिसरं, काणकोणातून पणजीला जायचं म्हणजे दिवस मोडतो. आमच्याच आजोबांचं अक्षर बघायला आम्ही अर्ज करायचा, हे मला पटत नाही.

खाजनातली बाय
कागदाचं तुम्ही ठरवा, मी चित्रांबद्दल बोलते. दुर्भाट, तिखाजन भागात पौष अमावस्येला मानगे थापणी होते, खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत, चिखलाची मगर थापून पूजा करतात, मगरीनं माणसांना आणि बांधांना राखावं म्हणून. ती मगर पाण्यापावसात विरघळते आणि पुढच्या वर्षी नवी थापतात. ती काचेत ठेवली तर तिचं काय उरलं? थापणारा हात टिकला तर ती टिकली. पोरांच्या बॅनरचंही तेच, दर वर्षी नवीन पोरांना रंग द्या की. जुनं जपायच्या नादात नवीन करायचं राहून जातं असं मला वाटतं.

मोरजीचा वारा
बाय, मगरीचं पटलं. पण बॅनर विरघळण्यासाठी केलेला नव्हता ना, तो अमुक साली अमुक हॉटेलच्या भिंतीसमोर धरला होता, तो पुरावाच आहे.
काणकोणकार दादा, नावांचं तुमचं बरोबर, ती पानं झाकूनच द्यायची. पण तारखांचं काय? कासवाची पिल्लं नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं, जास्त तापली तर माद्या. अंडी कधी घातली, पिल्लं किती दिवसांनी निघाली, हे ज्यांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलं त्यांच्या वहीत बदलत्या हवेचा हिशेब आहे, आणि तो वाळवी खातेय.

रापणीचा पोर
तुम्ही सगळे कागदच धरून बसलात. सत्तरच्या दशकात रापणकारांनी, म्हणजे किनाऱ्यावरून रापण जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांनी, यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध मोर्चे काढले, उपोषणं केली, मातान्ही साल्ढाणांसारखी माणसं पुढे होती, त्यातूनच १९८० चा सागरी मासेमारी कायदा आला. त्यातला किती भाग कागदावर आहे? आमच्या पाग्यांनी (मच्छीमारांनी) अर्ज कमी आणि गाणी जास्त केली. जे लिहिलं ते रोमी (रोमन लिपीतल्या) कोंकणीत, काही मराठीत, ते वाचणारी माणसं आता ऐंशीच्या घरात. स्कॅनर नंतर आणा, आधी मोबाईल घेऊन त्यांच्या अंगणात बसा.

काणकोणकार
हे मात्र शंभर टक्के. म्हातारी माणसं थांबणार नाहीत.

मोरजीचा वारा
मग दोन्ही करू या ना. मूळ वही गावातच राहू दे, नावं झाकलेली प्रत पणजीला, आणि एक प्रत पंचायतीत. फक्त कोणी लॅमिनेशन करू नका आणि सेलोटेप लावू नका, पुढे कागदच खराब होतो. टाचण्या काढून सुती कापडात गुंडाळून जमिनीपासून वर ठेवा, जूनच्या आत.

काणकोणकार
पंचायतीत नको. तिथं कोणाचं राज्य येईल सांगता येत नाही, आणि आमचे निम्मे अर्ज पंचायतीविरुद्धच होते. वही माझ्या घरातून हलणार नाही. फोटो काढायचे असतील तर गालजीबागला या, समोर बसून काढा, नावाची पानं मी उलटणार नाही.

मोरजीचा वारा
येतो. रविवारी सकाळी चालेल?