पाच गुंठे तांबडी माती, उतार आणि कोकणातला पाऊस: घरापुरती सेंद्रिय भाजी कशी करावी?

कातळकाठ (खेड)
नमस्कार मंडळी. घरामागे पाच गुंठे जागा आहे, उताराची. माती तांबडी, हातभर खाली जांभा लागतो. विहिरीला मार्चअखेरपर्यंत पाणी असतं. घरात सहा माणसं. रासायनिक खत-औषधाशिवाय घरची भाजी करायची आहे, विकायची नाही. यंदा काकडी आणि दोडकी मांडवावर छान चढली, पण काकडी बोटभर झाली की वाकडी होते आणि आत अळ्या. फळमाशीचा सापळा लावला, काही फरक नाही. जीवामृत द्या असं सगळे सांगतात, पण आमच्याकडे गुरं नाहीत. सुरुवात कुठून करू?

माणदेशी शेतकरी
जीवामृताचं एकरी प्रमाण असं: 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. पाच गुंठ्यांना त्याचा आठवा भाग पुरतो, म्हणजे 25 लिटर पाण्याला सव्वा किलो शेण, सव्वा लिटर गोमूत्र, गूळ-बेसन पाव-पाव किलो. एवढं शेजाऱ्याकडूनही मिळेल.

परसातली मावशी (दापोली)
प्रमाण बरोबर आहे. पण दादा, उताराच्या तांबड्या मातीत आषाढात ओतलेलं जीवामृत खालच्या पऱ्ह्यात (ओढ्यात) जातं. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आधी माती जागेवर राहिली पाहिजे, बाकी सगळं नंतर.

वाफे उताराला आडवे घ्या, खालच्या अंगाला जांभ्याच्या चिऱ्यांची ताल (बांध) घाला. मिरगात बांधावर गिरिपुष्पाच्या हातभर लांब, जाड फांद्या दाट खोचा, त्या सहज रुजतात. पुढच्या वर्षीपासून छाटणी करून कोवळा पाला थेट वाफ्यावर टाकायचा. त्यात नत्र भरपूर आणि तो कुजतोही लवकर. हे झाड शेंगवर्गातलं, हवेतलं नत्र मुळांच्या गाठींत धरतं. तुमचं शेणखताचं निम्मं काम तोच करील. आणि हात जोडून सांगते, माघ-फाल्गुनात आंब्या-फणसाचा पाचोळा पेटवू नका. सगळा एका खड्ड्यात भरा, थरावर थोडं शेणपाणी आणि माती टाका. चुलीची राख असेल तर तीही वाफ्यात घाला. आपली माती आंबट, राखेनं तिला थोडा उतारा मिळतो.

आता अळ्या. तुमच्या सापळ्यातली गोळी, म्हणजे वासाचं आमिष, कुठली आहे ते बघा. आंब्याच्या सापळ्यात मिथाइल युजेनॉल असतं. काकडी, दोडकं, पडवळ, कारलं यांच्यावरची माशी वेगळी, तिला क्यू ल्यूर लागतं. आंब्याचा सापळा मांडवाखाली टांगला तर ती माशी त्याच्याकडे फिरकतही नाही. योग्य गोळी लावली तरी सापळ्यात फक्त नर सापडतात. म्हणून डंख झालेलं प्रत्येक फळ रोज सकाळी काढायचं आणि प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून उन्हात ठेवायचं. खताच्या खड्ड्यात टाकायचं नाही, अळी मातीत उतरून कोष करते आणि पुन्हा माशी होऊन वर येते. मांडवाखालची माती अधूनमधून उकरा, कोंबड्या असतील तर त्यांना सोडा. ठेवायच्या काकडीला फूल गळताच कागदाची पिशवी घाला, पावसाचा जोर असेल तर जुन्या धोतराची.

कातळकाठ (खेड)
मावशी, बघितलं. दुकानदाराने आंब्याचीच गोळी दिली होती. उद्या बदलून आणतो. दोन शंका. पाला टाकला की गोगलगायी फार होतात, रोपं रात्रीत फस्त. आणि मार्चनंतर काय करायचं?

परसातली मावशी (दापोली)
रोपाच्या बुंध्याशी वीतभर जागा मोकळी ठेवा, पाला त्याच्याबाहेर. संध्याकाळी ओलं गोणपाट वाफ्याशेजारी पसरा. पहाटे उलटलं की गोगलगायी खाली जमलेल्या असतात, त्या वेचून मिठाच्या पाण्यात टाका. मीठ वाफ्यात मात्र सांडू देऊ नका. श्रावणात हे रोज करावं लागतं, त्याला सुटका नाही.

भात निघालं की ओल असेतोवर वाल आणि चवळी टोका, त्यांना पाणी फार लागत नाही. चवळीत आमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण सदाबहार' ही जात घ्या. चवळीची फुलं स्वतःच फळतात, त्यामुळे बी घरचं धरता येतं. काकडी-दोडक्याचं तसं नाही, शेजारच्या मांडवावरचं परागण होतं. बी धरायचं असेल तर काकडीचं फूल उमलायच्या आदल्या संध्याकाळी नर-मादी दोन्ही कळ्या बांधा आणि सकाळी हातानं परागण करा. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, त्याच्या कळ्या दुपारी बांधा आणि संध्याकाळी परागण करा. मार्चनंतर न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि दोन केळी, बाकी वाफे पाचोळ्याखाली झाकून मिरगापर्यंत पडू द्या.

गुहागरकर
मावशींच्या यादीत वानर राहिले. मांडवाच्या वर मासेमारीचं जुनं जाळं ताणा. दाभोळ बाजूला कोळ्यांकडे टाकाऊ जाळं मिळतं.