आईबापांनी सीमा ओलांडली म्हणून पोरं कोठडीत?

टेक्सासची_मावशी:
परवा इथेच एकाने लिहिलं, "आईबापांनी कायदा मोडला, पोरं डांबली गेली तर अमेरिकेने का लाजावं?" त्यावर भराभर अनुमोदनं पडली. गप्प बसवेना, म्हणून हा धागा.

कायद्याचंच बोलू. १९८५ साली एल साल्वादोरहून पळून आलेली जेनी फ्लोरेस १५ वर्षांची होती. तिला अनोळखी मोठ्या माणसांत ठेवलं, कपडे उतरवून झडती घेतली. नातेवाईक न्यायला तयार होते, तरी सोडलं नाही. त्या खटल्यातून १९९७ची तडजोड झाली: मुलांना लवकरात लवकर सोडायचं, तोवर परवाना असलेल्या, कमीत कमी बंधनांच्या जागी ठेवायचं. त्यावर खुद्द सरकारची सही आहे. २०१५मध्ये न्या. डॉली गी यांनी ती आईबापांसोबत आलेल्या मुलांनाही लागू केली आणि साधारण २० दिवसांची मर्यादा आली. मग करार कोण मोडतंय?

रांगेतला_माणूस:
मावशी, तुमचा कळवळा खरा, पण आमच्या मुलांचं काय? माझी मुलगी चार वर्षांची असताना इथे आली, सगळी शाळा इथे झाली. २१ची झाली आणि एच-४, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या मुलांचा व्हिसा, संपला. आता तिला विद्यार्थी व्हिसा, परदेशी विद्यार्थ्यांची फी. आम्ही कर भरले, एकही कागद चुकवला नाही. तिच्यासाठी कोण धागा काढतं?

एच४_आई:
+१. ग्रीन कार्डात दर देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, त्या रांगेत भारतीय अडकलेले. मुलगा विचारतो, "आई, मी कुठला?" काय सांगू?

कोल्हापुरी_रस्सा:
दोष आईबापांचाच. २०१९मध्ये ॲरिझोनाच्या वाळवंटात भारतातली सहा वर्षांची मुलगी उष्म्याने गेली. २०२२च्या जानेवारीत गुजरातच्या डिंगुचा गावचं कुटुंब कॅनडाच्या सीमेवर थंडीने गोठलं, त्यात दोन मुलं. एजंटला लाखो रुपये देऊन पोरांना मरणाच्या दारात नेणाऱ्यांबद्दल मला दया नाही. २०२५च्या फेब्रुवारीत परत पाठवलेल्यांना घेऊन अमृतसरला उतरलेल्या विमानात महाराष्ट्रातलेही होते. सोडून देत गेलात तर आणखी पोरं वाळवंटात उतरतील.

टेक्सासची_मावशी:
एजंटांना तुरुंगात टाका, मी टाळ्या वाजवीन. पण त्या सहा वर्षांच्या पोरीने एजंट निवडला नव्हता. ती वाचली असती तर तुम्ही तिला कोठडीत घालणार होता का? एवढंच विचारतेय.

सॅक्रामेंटोकर:
सगळा राग ट्रम्पवर काढू नका. टेक्सासमधलं डिलीचं कुटुंबांचं कोठडी केंद्र २०१४मध्ये ओबामांनी उघडलं, २४०० जणांचं. तेव्हा कुठे होतात?

टेक्सासची_मावशी:
तिथेच. डिलीतून सुटलेल्या आया-मुलांना सॅन अँटोनियोत चर्चच्या निवाऱ्यात कपडे आणि बसची तिकिटं द्यायला मी जात होते. पाच वर्षांचा एक मुलगा संडासला जायलाही परवानगी मागायचा. आई म्हणायची, "जा रे, आता कुणी नाही." तरी दारात उभा राहायचा. ओबामांनी केलं म्हणून ते बरं होत नाही. २०२५मध्ये डिली पुन्हा उघडलं, तेही नाही.

रांगेतला_माणूस:
पुन्हा तेच. एच-४च्या मुलांबद्दल एक शब्द नाही.

एच४_आई:
खरंय. घुसखोरांसाठी वकील धावतात, आमच्यासाठी कुणी नाही.

बालरोग_डॉक्टर:
वकील धावतात? इमिग्रेशन कोर्टात मुलांना सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्कच नाही. तीन-चार वर्षांची पोरं न्यायाधीशापुढे एकटी उभी राहिली आहेत. २०१९च्या जूनमध्ये टेक्सासच्या क्लिंटमध्ये, सीमा पोलिसांच्या ठाण्यात, लहान मुलं अस्वच्छ कपड्यांत, एकमेकांना सांभाळत होती. ते बाहेर आलं, कारण फ्लोरेस करारामुळे वकिलांना आत जाऊन मुलांशी बोलता आलं. त्याच महिन्यात सरकारी वकिलाने अपील कोर्टात युक्तिवाद केला, की करारात साबण आणि टूथब्रशचा उल्लेख नाही. कोर्टाने तो फेटाळला. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१७मध्येच सांगितलंय, की थोड्या काळाची कोठडीही मुलाला सुरक्षित असल्याचा पुरावा नाही. एच४_आई, तुमच्या मुलाचं दुःख मोठं आहे, पण रात्री तो तुमच्या घरात झोपतो.

एच४_आई:
माझ्या मुलाचं दुःख तुम्ही मोजू नका!

बालरोग_डॉक्टर:
ते शेवटचं वाक्य मागे घेतो. बाकी एकही नाही.

कोल्हापुरी_रस्सा:
साबणाचं ऐकून मलाही लाज वाटली, मान्य. पण सोडलं की लोक तारखेला येत नाहीत, त्याचं काय?

टेक्सासची_मावशी:
मग तारखेवर लक्ष ठेवा. २०१६ला केस मॅनेजरच्या देखरेखीखाली कुटुंबांना घरीच ठेवायचा कार्यक्रम सुरू झाला होता. बहुतेक सगळे तारखांना हजर राहत होते, कोठडीपेक्षा खर्चही कितीतरी कमी. २०१७मध्ये तोच बंद केला. पुढच्या वर्षी सीमेवर हजारो मुलं आईबापांपासून तोडली. न्या. सॅब्रॉ यांनी जून २०१८मध्ये परत द्या म्हणून आदेश दिला, तर कुणाचं मूल कुठे आहे याची धड नोंदही नव्हती.

रांगेतला_माणूस:
ठीक. कोठडी नको, हे कबूल. पण रांगेचा मुद्दा मी सोडणार नाही.

टेक्सासची_मावशी:
सोडू नका. त्याचा वेगळा धागा काढा, तिथे मी तुमच्या बाजूने लिहीन. इथे कोठडीतल्या मुलांबद्दल बोलू द्या.