मदत हवी आहे : प्रावरण घन की द्रव? शनिवारी प्रदर्शन आहे

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितोय. लेक आठवीत आहे. शनिवारी शाळेत विज्ञान प्रदर्शन, विषय 'भूकंप आणि पृथ्वीचे अंतरंग'. थोरलीच्या वेळचा थर्माकोलचा गोळा माळ्यावर पडून होता, व्यास २० सेंटिमीटर. तो अर्धा कापला आणि तिथंच गाडी अडली.

शाळेत सांगितलंय, प्रावरण (भूकवच आणि गाभा यांच्या मधला थर) लाल रंगवा आणि 'उकळता लाव्हा' असं लिहा. लेक म्हणते, "बाबा, भूकंपाच्या दुय्यम (एस) लहरी द्रवातून जात नाहीत ना? मग प्रावरणातून कशा जातात?" मी कॉमर्सवाला, चहा ठेवायला उठलो. तिनं बाईंना विचारलं तर बाई म्हणाल्या, "घन असेल तर लाव्हा येतो कुठून?" आता घरात सगळेच गप्प.

दुसरं म्हणजे आजोबांचं पालुपद, "आपल्या नागपुरात भूकंप येत नसते." पण ४ डिसेंबर २०२४ ला सकाळी साडेसातच्या सुमारास आमच्या स्वयंपाकघरातल्या हुकांवरच्या पळ्या एकमेकींवर वाजल्या होत्या. केंद्र तेलंगणात मुलुगूकडे, तीव्रता ५.३. लेकीला किल्लारी आणि जबलपूरच्या भूकंपांच्या टाचण्या मॉडेलवर टोचायच्या आहेत. किती खोल टोचायच्या?

खडकवेडा : पोरगी बरोबर आहे. प्रावरण घनच आहे, पण लाखो वर्षांच्या हिशोबात हळूहळू सरकतं. हिमनदी आठवा. बर्फावर हातोडा घातला तर फुटतो, तरी तोच बर्फ दरीतून खाली वाहत असतो. द्रव आहे तो बाह्यगाभा, लोह-निकेलचा. दुय्यम लहरी अडतात त्या तिथं.

बाईंच्या प्रश्नाचं उत्तर दाबात आहे. खोलवर खडक तापलेला असतो, पण वरच्या ओझ्यामुळे वितळत नाही. तोच वर सरकला की दाब कमी होतो आणि त्यातला थोडा भाग वितळतो. सीताबर्डी किल्ल्याची टेकडी ज्या बेसाल्टची आहे, तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी असाच वर आला. तिथला फोटो लावा मॉडेलशेजारी, बाई खूश होतील.

निवृत्त मास्तर : दादा, तुमच्या गोळ्यात १ सेंटिमीटर म्हणजे साधारण ६४० किलोमीटर. आतून मोजा : अंतर्गाभा १.९, बाह्यगाभा ३.५, प्रावरण ४.५ सेंटिमीटर. भूकवच ३५ किलोमीटर धरलं तर जेमतेम अर्धा मिलिमीटर! म्हणजे रंगाचा हात. जबलपूरचा १९९७ चा भूकंप जवळपास तेवढ्याच, ३५ किलोमीटर खोलीवर झाला, तोही त्या रंगातच. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी तर १० किलोमीटरच्याही आत. इतकी उथळ, त्यात पहाटे चारच्या सुमारास माणसं दगडमातीच्या जाड भिंतींखाली झोपलेली. तो भागही तेव्हा भूकंपधोक्याच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात, झोन एकमध्ये होता, हे आजोबांना जरूर सांगा. २००२ च्या नकाशात तो पट्टाच काढून टाकला. नागपूर त्या नकाशात झोन दोनमध्ये, म्हणजे धोका कमी. शून्य नव्हे.

धागाकर्ता : मास्तर, खडकवेडा, लय आभार! 'उकळता लाव्हा' खोडला. लेक विचारतेय, अर्ध्या मिलिमीटरसाठी रंगाचे हात किती द्यायचे?

निवृत्त मास्तर : दोन-तीन, पोस्टर कलरचे. तेलरंग नको, थर्माकोल विरघळतो.