नॉर फ्लॅश कर्नलला दिसंना, फिजमॅपमध्ये काय चुकतंय?

उद्यमबागकर
नमस्कार मंडळी. उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपच्या मशीनचं कंट्रोल बोर्ड माझ्याकडं आलंय, त्यावर १६ एमबीची पॅरलल नॉर फ्लॅश (वीज गेली तरी डेटा टिकवणारी मेमरी), १६ बिटची एकच चिप. नवीन लिनक्स कर्नल बिल्ड केला, मेनूकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय निवडायचा मेनू) एमटीडी (फ्लॅश हाताळणारा कर्नलचा भाग), सीएफआय (चिपला तिचीच माहिती विचारायची पद्धत), फिजमॅप (फ्लॅश कुठं आहे ते सांगणारा ड्रायव्हर) सगळ्याला वाय, म्हणजे कर्नलमध्येच घाला असं, दिलंय, पत्ता आणि लांबी पण भरली, तरी बूट होताना 'मॅप प्रोब फेल्ड' येतंय आणि प्रॉक-एमटीडी (कर्नलला सापडलेल्या फ्लॅशची यादी) बघितलं तर नुसती हेडरची ओळ. यू-बूट हा बूटलोडर त्याच फ्लॅशवरनं उठतंय म्हणजे चिप मेलेली नाही. शनिवारी मशीन चालू करून द्यायचंय, दोन रात्री ह्यातच गेल्या ओ.

खानापूरचा
बँकविड्थ (बसची रुंदी) किती ठेवलाय ते सांगा आधी. फिजमॅपला चिपमधलं काही कळत नाही, फ्लॅश कुठल्या पत्त्यावर आहे, किती लांब, बस किती रुंद एवढंच त्याला ठाऊक, चिपशी बोलायचं काम सीएफआयचं. सीएफआय हेक्स ९८ ही कमांड लिहितंय आणि उत्तरात क्यू-आर-वाय ही अक्षरं शोधतंय, रुंदी चुकली की अक्षरं सापडत नाहीत. आकडा बाइटमध्ये द्यायचा, म्हणजे तुमच्या एका चिपला २. यू-बूटमधून हातानं बघा की: बेस अधिक हेक्स एए ला १६ बिटनं ९८ लिहा, बेस अधिक हेक्स २० पासून तीन वर्ड वाचा, ५१, ५२, ५९ आलं म्हणजे चिप नीट बोलतेय. मग एफ० लिहून रीसेट, इंटेलवाली चिप असली तर एफएफ.

निपाणीचा_टक्स
अण्णा, कमांड सेटचा (चिपला कळणाऱ्या कमांडांचा) ड्रायव्हर पण बघा. इंटेलचा ०००१, एएमडी-स्पॅन्शनचा ०००२, तो बंद असला तर चिप सापडूनही एमटीडी तयार होत नाही. आणि रूट फाइलसिस्टम ह्याच फ्लॅशवर असंल तर मॉड्यूल करू नका, वायच ठेवा.

उद्यमबागकर
सापडलं! जुन्या बोर्डाची कॉन्फिग उचललेली, तिथं दोन चिपा होत्या, म्हणून बँकविड्थ ४ राहिलेला. यू-बूटमध्ये ५१ ५२ ५९ ओळीनं बघितलं तेव्हाच जीवात जीव आला. २ केलं, एएमडीचा ड्रायव्हर पण बंदच होता तो चालू केला, आता एमटीडी० दिसतंय. पार्टिशन कर्नलच्या कमांडलाइननंच देऊ काय?

खानापूरचा
द्या की. कमांडलाइन पार्टिशनचा पर्याय चालू करा, एमटीडीपार्ट्समध्ये नाव फिजमॅप-फ्लॅश.० असंच लिहा, नाव जुळलं नाही तर पार्टिशन होत नाहीत. बूटलोडरच्या पार्टिशनला आरओ (फक्त वाचायचं) लावा. आणि काही लिहायच्या आधी पूर्ण १६ एमबीचा डंप (जशीच्या तशी प्रत) काढून पेनड्राइव्हवर ठेवा, आजच.