चिरा विकायचा की हत्ती राखायचा?

सडेकर
परवा कशेळीला जाऊन आलो. राजापूर तालुक्यातलं, कनकादित्याच्या देवळाचं गाव. तिथल्या सड्यावर, म्हणजे जांभा दगडाच्या उघड्या पठारावर, एक हत्ती कोरलाय, लांबीला साधारण १८ मीटर. गंमत अशी की त्याच्यावर उभं राहिलं तर काहीच दिसत नाही, पायाखाली नुसत्या चरा. चार पावलं मागे सरकलो, मान तिरकी केली, तेव्हा कुठे सोंड सापडली. मग एकदम पोटातले मासे आणि बाकीची जनावरं दिसायला लागली, आणि मी तिथे उन्हात तासभर उकिडवा बसून राहिलो.

युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२२ साली ही कातळशिल्पं गेली. रत्नागिरी जिल्ह्यातली कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे वगैरे सात ठिकाणं, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं पणसायमळ. माझं म्हणणं एवढंच की चित्राभोवती जांभ्याचा गडगा घालून भागणार नाही. कोरणाऱ्यांनी हा सडा का निवडला, ते सडा शाबूत असेल तरच कधीतरी कळेल. तेव्हा गवत, पावसाळी तळी, गुरांच्या वाटा यांसकट सगळा सडा राखा आणि त्यावरच आसपासच्या वाड्यांचं पोट चालेल असं बघा. कोकणाचा विकास यातूनही होऊ शकतो. बोला.

चिरेबंदी
बोलतो. माझा साडेतीन एकर कातळ आहे. सातबाऱ्यावर काय लिहिलंय? पोटखराबा. भात होत नाही. कलमं लावायची तर सुरुंग लावून खड्डे फोडा, वर माती विकत आणून भरा. या जमिनीतून आजवर एकच पीक निघालंय, चिरा, म्हणजे घरं बांधायचा जांभा दगड. खाणवाला येतो, पुढच्या महिन्यात मशीन लावतो म्हणतो, हातावर रोख ठेवतो. तुमचा पर्यटक येतो, हत्तीवर झोपून फोटो काढतो, वेफर्सचं पाकीट टाकतो आणि सुरमई थाळी खायला रत्नागिरी गाठतो. यात माझा विकास कुठल्या ओळीत आला?

आणि एकदा स्मारक म्हणून जाहीर झालं की १०० मीटरपर्यंत बांधकाम बंद, त्यापुढे २०० मीटर परवानगीसाठी हेलपाटे.

सडेकर
ते केंद्राच्या संरक्षित स्मारकांना, दादा. सड्यावर सापडलेल्या सरसकट सगळ्या शिल्पांना तो नियम लागत नाही.

चिरेबंदी
आज लागत नाही.

वाडीवरची
चिरेबंदी, खाणीचे पैसे तुम्हाला मिळतात, पाणी मात्र खालच्या वाडीचं जातं. जांभा पाणी पितो आणि सावकाश सोडतो, म्हणून पायथ्याच्या विहिरी टिकतात. माझ्या माहेरी वरच्या अंगाला खाण सुरू झाली. आधी मे अखेरपर्यंत पुरणारी विहीर आता शिमग्याची पालखी घरी येते तेव्हाच तळ दाखवते. वहिनी टँकरच्या मागे कळशी घेऊन धावते. कातळशिल्पाचं मला एवढं काही कळत नाही, पण त्या हत्तीच्या निमित्ताने सडा वाचणार असेल तर मी हत्तीच्या बाजूने.

चाकरमानी_परळ
हत्ती नोकऱ्या देणार का? आमच्या वाडीत अकरा घरं, त्यातली सात गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. बारसूला रिफायनरीसाठी २०२३ च्या एप्रिलमध्ये माती परीक्षण सुरू झालं तेव्हा सगळ्यांना अचानक कातळशिल्पं आठवली. त्याआधी त्यांच्यावरून बैलगाड्या जात होत्या.

सडेकर
हे साफ चूक. निसर्गयात्री संस्थेचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे वगैरे मंडळी त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून सडे पालथे घालतायत. गुराख्यांना विचारत, गावोगाव फिरत त्यांनी हजारावर आकृत्या नोंदवल्या. आणि बैलगाडीने चर झिजते, ब्रेकरने नाहीशी होते. फरक आहे.

एल्बेकाठचा
मी ड्रेस्डेनला राहतो, म्हणून मिठाचा खडा टाकतो. इथली एल्बे नदीची दरी २००४ मध्ये जागतिक वारशात आली, तीही सांस्कृतिक भूदृश्य म्हणून. शहराला चौपदरी पूल हवा होता. २००५ मध्ये लोकांनी मतदान करून पुलाच्या बाजूने कौल दिला. २००९ मध्ये युनेस्कोने नाव काढून टाकलं. २०१३ मध्ये पूल सुरू झाला, मी रोज त्यावरून कामाला जातो. शहर ओस पडलं नाही, पर्यटकही येतात. पाटी गेली म्हणून सगळं बुडतं असं नाही.

सडेकर
ड्रेस्डेनकडे पाटीशिवाय बरंच काही होतं. कशेळीकडे काय आहे? पण तुमच्या उदाहरणातलं मतदान मला आवडलं. आमच्याकडे सड्याबद्दल गावाला विचारून कौल कोण घेतो?

गवतवाली
कास पठाराबद्दल कोणी बोललं नाही, नवल आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांपैकी एक म्हणून कास वारसा यादीत गेलं. गर्दी आवरेना म्हणून रोजच्या माणसांवर मर्यादा, ऑनलाइन नोंदणी, शुल्क गोळा करायला आसपासच्या गावांची समिती. हंगामात तिथल्या पोरांना काम मिळतं, हे मी पाहिलंय. (रविवारी गाड्यांची रांगही पाहिलीय. त्यावर न बोललेलं बरं.)

पण खरी गोष्ट कुंपणाची. फुलं वाचवायला लोखंडी जाळी ठोकली, गुरं बाहेर गेली. मग चरायला कोणी नाही, गवत माजलं, फुलं दबली अशी ओरड सुरू झाली आणि शेवटी जाळी काढावी लागली. ते पठार तसं राहिलं होतं त्यात गुरांच्या तोंडाचाही वाटा होता. सड्याचंही हेच होईल. माणूस बाहेर काढून सडा राखायला गेलात तर शिल्पं रानात बुडतील आणि मालकही तुमच्यावर उलटेल.

चाकरमानी_परळ
गुरं राखायला माणूस गावात हवा ना ताई. तो तर माझ्या शेजारच्या खोलीत राहतोय.

चिरेबंदी
गवतवाली ताई पहिल्यांदाच मालकाबद्दल बोलल्या, म्हणून सांगतो. मला हत्तीचं वावडं नाही. जेवढे गुंठे राखायचे तेवढ्याचं दरसाल भाडं द्या. लेखी द्या, आणि उरलेल्या जमिनीवर हात घालणार नाही हेही त्याच कागदावर लिहा. तिकीट लावाल त्यातला वाटा जमीनवाल्याला आधी, समितीला नंतर. एवढं झालं तर मी स्वतः झाडू घेऊन चरा साफ करीन.

खरं सांगू? माझ्या कातळावरही एक आकृती आहे. मासा असावा, शेपटीकडचं गवताखाली गेलंय. आजा त्यावर पाणी ओतून आम्हाला दाखवायचा, ओली झाली की उठून दिसते. अजून कोणाला दाखवलेली नाही. दाखवली की तुमची मंडळी टेप घेऊन येणार आणि मागोमाग तलाठी. खाणवाल्याला सांगून ठेवलंय, तेवढा तुकडा सोड म्हणून. तोंडीच सांगितलंय.

सडेकर
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. टेप न घेता येतो.