प्रतिसाद: गिर्चीच्या जागा का गेल्या

वर कुणीतरी म्हटलंय की जॉर्जिया देशातल्या गिर्ची या छोट्या पक्षाचा जनाधार २०२४ मध्ये आटला. मतं पाहिली तर तसं दिसत नाही. २०२० मध्ये १२० जागा यादीपद्धतीच्या (म्हणजे पक्षाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात वाटल्या जाणाऱ्या) होत्या आणि उंबरठा, म्हणजे जागा मिळायला लागणारी किमान मतं, फक्त १ टक्का, २.८९ टक्के मतांवर ४ जागा मिळाल्या. २०२४ मध्ये सर्व १५० जागा यादीवर आल्या, पण उंबरठा ५ टक्के झाला. सुमारे ३ टक्के मतं मिळूनही हाती शून्य! असा उंबरठा असला की छोट्या पक्षाला युतीच करावी लागते. गिर्चीचे संस्थापक जापारिद्झे यांनी फुटून काढलेला गट युतीतून लढला. गिर्ची स्वतंत्र लढला, हा माझ्या मते हट्टच.

बाकी सक्तीची लष्करभरती चुकवायला पक्षाने चक्क चर्च काढून तरुणांना पाद्री केलं, कारण कायद्यात धर्मगुरूंना सवलत होती.