घोडा दिसला की आधी बोला
डोंगरात सायकलवरून कुणाच्या मागून येताना घंटी वाजवावी, हे खरंच. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला टॅमलपाइस डोंगरावर समोरून घोडा आला तर घंटी विसरा. थांबा, दरीच्या बाजूला उभे राहा आणि स्वाराशी चक्क गप्पा मारा. हेल्मेट-गॉगलमधला प्राणी माणूसच आहे, हे घोड्याला आवाजावरून कळतं. बाकी नियम सरळ आहेत. रुंद कच्च्या रस्त्यांवर ताशी १५ मैल. पुढचं न दिसणाऱ्या वळणावर आणि कुणाला ओलांडताना ५. अरुंद पायवाटा बहुतेक सायकलींना बंदच. गंमत म्हणजे १९७६ मध्ये 'रीपॅक' नावाच्या कच्च्या रस्त्यावरच्या सायकलींच्या उतारशर्यती याच भागात, फेअरफॅक्सजवळ सुरू झाल्या. म्हणजे माउंटन बायकिंगचं हे माहेर, आणि लेकीला ओसरीवरच थांबवलंय!